पाऊलपट्टी

ऑस्केराला जाताना खिशात काय ठेवावं, असं कुणी विचारलं की विशाखा सांगायची, "रुमाल." बाकी तिथे काही लागत नाही, आणि लागलं तरी चालत नाही.

त्या दिवशीही विमानतळाच्या लांबलचक दालनात, नारिंगी टोप्या घातलेल्या आपल्या मंडळींना एका कोपऱ्यात गोळा करून तिनं नेहमीचा पाठ सुरू केला. 'दिगंत सहली'त इतकी वर्षं काढल्यावर तिला तो झोपेतही म्हणता आला असता.

"नीट ऐका. या देशात नोटा नाहीत, नाणी नाहीत, कार्डसुद्धा नाही. समोर ती काचेची पट्टी दिसतेय ना, तिच्यावरून एकेकट्यानं चालत जायचं. पट्टी तुमची चाल टिपते आणि तुमच्या खात्याला जोडते. पुढे ट्रॅममध्ये चढलात, की पायरीवर पाय पडला आणि पैसे गेले. दुकानातून वस्तू घेऊन बाहेर पडलात, उंबऱ्यावर पाय पडला आणि पैसे गेले. तेव्हा आत्ता घरी चालता तसंच चाला. ऐटीत चालू नका, पोट आत ओढू नका आणि नवे बूट असतील तर ते आधी बदला."

"आणि माझा गुडघा मधेच धरला तर?" सांगलीच्या कुंभोजकर काकूंनी विचारलं.

"तर तो धरलेला गुडघाही तिला ओळखू येतो, काकू. तुमच्या सुनेपेक्षा लवकर."

सगळे हसले. हसले नाहीत ते एकटे अण्णा. ते मागे उभे होते, टोपी हातात धरून. सहलीच्या यादीत त्यांचं नाव श्रीपाद गुळवणी, मिरज, असं होतं. पण ते विशाखाचे वडील आहेत हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. गेल्या दिवाळीनंतर आई गेली, तेव्हापासून अण्णा बोलायचे थांबले होते. म्हणजे विचारलं तर हो-नाही म्हणत, जेवायला बसत, वर्तमानपत्र उघडून धरत. पण पान उलटत नसत. शेवटी विशाखानं त्यांना उचलून सहलीतच घातलं. तीन वर्षांपूर्वी आई-अण्णा दोघं याच देशात येऊन गेले होते, तेव्हा जागा ओळखीची असेल, एवढाच तिचा हिशेब.

त्या मागच्या वेळचा एक किस्सा घरात नेहमी सांगितला जायचा. आईला काचेच्या जमिनीची भीती वाटली. खाली दिवे दिसत होते, पाय ठेवला तर फुटेल असं तिला वाटलं. मग अण्णांनी उजवा हात कोपरात वाकवून पुढे केला, तिनं तो घट्ट धरला, वाकून पट्टीला हात लावून डोळ्यांना लावला, उजवं पाऊल आधी टाकलं आणि दोघं एकदमच निघाली. नियम होता एकेकट्यानं चालायचा. पण म्हातारी माणसं पाहून तिथल्या अधिकाऱ्यानं मान फिरवली, आणि यंत्रानं दोघांची मिळून एकच नोंद केली. आपल्याकडे शेजारच्या मंगल कार्यालयात शिरताना जे कुणीही करेल, ते त्यांनी परदेशाच्या दारात केलं होतं.

आज अण्णा पट्टीवर एकटेच चढले. हळू चालत पलीकडे गेले. भिंतीवरचा पडदा हिरवा झाला आणि अनुवाद करणाऱ्या यंत्राचा गुळगुळीत आवाज छापील मराठीत म्हणाला, "पुन्हा स्वागत. श्री. आणि सौ. गुळवणी."

कुंभोजकर काकूंचा हात तोंडावर गेला. विशाखा घाईनं पुढे झाली.

"जुनी नोंद राहिलीय, अण्णा. मी दुरुस्त करून घेते."

"तिचं नाव घेतलं ना त्यानं?"

"हो."

"बरं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी टोपी नीट डोक्यावर बसवली.

माणसाच्या चालीत काय काय असतं, याची आपल्याला कल्पना नसते. जिन्यात पावलं वाजली की घरातलं कोण आलं ते आपण न बघता ओळखतो. ऑस्केराच्या लोकांनी तेच यंत्राला शिकवलं होतं. टाच किती जोरात टेकते, वजन चवड्याकडे किती वेळात सरकतं, दुसरा पाय ते केव्हा उचलून घेतो, कंबर कोणत्या बाजूला झुलते, हे सगळं प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ते चोरता येत नाही. शहरभर पायऱ्यांत, उंबऱ्यांत, पदपथांत या पट्ट्या बसवल्या होत्या. एवढी पावलं मोजून मोजून यंत्र पुढे अंदाज बांधायला लागलं. कोण कुठे निघालंय हे त्याला आधीच कळू लागलं. त्यामुळे तिथे ट्रॅमचं वेळापत्रक नाही; माणसं जिथे येणार असतील तिथे ट्रॅम येऊन उभी राहते. भाडंही कधीकधी चढायच्या आधीच वळतं केलं जातं, आणि अंदाज चुकलाच तर संध्याकाळी परत येतं. पर्यटकांना याचं फार कौतुक वाटतं, निदान पहिल्या दिवशी तरी.

पहिल्या दिवशी विशाखाची मंडळीही खूश होती. हॉटेलसमोर ट्रॅम आली, दारं उघडली, भराभर सगळे चढले. विशाखा सर्वांत पुढे, झेंडा उंच धरून. तिची चालच तशी होती, गाडी चुकेल की काय अशी. तिच्या बरोबरीनं चालणं नवऱ्यालाही जमलं नव्हतं. तो केव्हाच मागे राहिला आणि मग राहिलाच. अण्णा शेवटी चढले. ते चढले तरी दार मिटलं नाही.

दार उघडंच राहिलं. आत सगळे बसले, बाहेर थांब्यावर कुणी नव्हतं. चालक नसलेली ती गाडी थांबून राहिली. विशाखाला वाटलं काही बिघाड झालाय. मग दार सावकाश मिटलं आणि गाडी निघाली. अण्णांच्या शेजारच्या आसनावर एक छोटा पिवळा दिवा लागला होता. तिथे कुंभोजकर काकू बसायला गेल्या, तर आसन वर दुमडलेलं ते खाली येईना.

"ते राखीव आहे," अण्णा म्हणाले. आणि खिडकीची जागा सोडून अलीकडे सरकले; त्यांच्यासाठी ते आसन खाली आलं. ते सरकल्यावर खिडकीकडचं आसन दुमडलं गेलं आणि दिवा तिकडे गेला.

विशाखाच्या फोनवर निरोप आला होता. दोन प्रवासी. अण्णांचं खातं तिच्याच फोनला जोडलेलं होतं. आल्या आल्या वाद नको म्हणून तिनं तो पुसला. पण दुपारच्या ट्रॅमला तेच झालं, संध्याकाळच्यालाही. दार उघडं राहायचं, काही क्षण, आणि मिटायचं. तो वेळ नेहमी सारखाच असायचा. कशाचा आहे तो वेळ, हे तिला हॉटेलच्या पायऱ्या चढताना एकदम कळलं.

आई कुठल्याही गाडीत चढायची तेव्हा आधी वाकून पायरीला हात लावायची, तो डोळ्यांना लावायची, मग पदर सावरून उजवा पाय वर टाकायची. एसटी असो नाहीतर विमान असो. दार तेवढाच वेळ थांबत होतं.

दुसऱ्या दिवशी मंडळींना वस्तुसंग्रहालयात सोडून ती प्रवासी मदत केंद्रात गेली. तिथे मारेन नावाची पांढऱ्या केसांची अधिकारी बसली होती. ती आपल्या भाषेत हळू बोले आणि तिच्या कोटाला लावलेलं यंत्र त्याचं मराठी करून सांगे.

"मशीन चुकतंय," विशाखा म्हणाली. "माझी आई वारली आहे. वडील एकटे आले आहेत आणि तुम्ही दोघांचे पैसे घेताय."

मारेननं पडद्यावर बराच वेळ पाहिलं. "चूक नाही," यंत्र म्हणालं. "गर्दीत सर्व पावले दिसत नाहीत. कडेवरचे मूल दिसत नाही. अशा वेळी शेजारच्या माणसाच्या चालीवरून दुसऱ्याची गणना होते. हळू चालणाऱ्याबरोबर चालणारा माणूस आपले पाऊल आखूड करतो. एका बाजूस झुकतो. वळणावर थांबतो. आपले वडील तसे चालतात. ज्या व्यक्तीसाठी ते तसे चालतात, ती नोंदीत आहे. म्हणून ती मोजली जाते."

"पण ती नाहीये."

मारेननं खांदे उडवले नाहीत की ती हसलीही नाही. "त्यांच्या चालीत आहे," यंत्रानं सांगितलं. "आज दुरुस्त करून घ्या. इथे पट्टी आहे. त्यांना एकटे चालायला सांगा, पुन्हा पुन्हा, एकट्याची चाल मिळेपर्यंत. आत येताना अंदाज चालतो. देशाबाहेर जाताना चालत नाही. तिथे खरी पावले लागतात. नाहीतर कुणीही इथे लपून राहील."

विशाखा अण्णांना आणायला म्हणून परत आली. ते संग्रहालयाच्या पायऱ्यांवर बसले होते, आणि कुंभोजकर काकूंना सांगत होते की मागच्या वेळी इथे कालिंदीनं, म्हणजे विशाखाच्या आईनं, डब्यातले धपाटे काढले, तर एक समुद्रपक्षी येऊन अर्धा धपाटा घेऊन गेला आणि ही त्याला चक्क कानडीत ओरडली. सांगता सांगता ते हसले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा तो खोकल्यासारखा हसण्याचा आवाज विशाखानं ऐकला. रात्रीच्या जेवणाला त्यांनी भात मागून घेतला. ट्रॅममध्ये ते वैतागत होते तेही जुन्या पद्धतीनं. मिरजेत रिक्षा असो की नाटक असो, अण्णा असताना दुसऱ्या कुणी तिकीट काढलं असं कधी झालं नव्हतं. लोकांचे हात धरून ते पैसे मागे ढकलायचे. इथे कुणाचा हात धरायचा?

"कसला देश हा," ते म्हणाले. "बायकोचं तिकीट काढायचंही सुख नाही."

विशाखानं दुरुस्ती करून घेतली नाही. उद्या करू म्हणाली, मग परवा. खरं सांगायचं तर तिला तो हसण्याचा आवाज पुन्हा जाऊ द्यायचा नव्हता. निघताना काय ते बघू, दाखला आहे ना आपल्याकडे, असं तिनं स्वतःला समजावलं. पुढच्या दाराची चिंता आजच करावी, हे एरवी तीच सगळ्यांना शिकवायची.

मग एके दुपारी अण्णांचे पाय दुखायला लागले, म्हणून ते खोलीतच झोपले. विशाखा त्यांच्या उशाशी फोनवर मंडळींच्या जेवणाचं बघत होती. निरोप आला: एक प्रवासी, बंदराकडे.

तिनं अण्णांकडे पाहिलं. ते घोरत होते. अंदाज आहे, तिनं स्वतःला सांगितलं. रोज या वेळेला ते बंदरावर जातात, आज तो चुकलाय, पैसे संध्याकाळी परत येतील. तरी ती खिडकीशी गेली. बाहेर त्या उत्तरेकडच्या देशाचा न संपणारा पांढरा उजेड होता. खालच्या थांब्यावर ट्रॅम उभी होती. थांब्यावर कुणीही नव्हतं. दार उघडलं, थांबलं, तेवढंच थांबलं, आणि मिटलं. गाडी निघाली तेव्हा रिकाम्या डब्यात खिडकीशेजारी एक पिवळा दिवा लागलेला तिला दिसला.

संध्याकाळी पैसे परत आले नाहीत.

विशाखानं हे कुणालाच सांगितलं नाही. पण बॅगा भरायच्या दिवशी अण्णांच्या बॅगेत तिला आईचे बूट सापडले, तेव्हा ती उगाचच ओरडली. ते बूट तिनंच आईला घेऊन दिले होते, मागच्या सहलीसाठी; पांढरे, खेळाडूंचे, जे आपल्या बायका परदेशात काठाच्या साडीखाली घालतात.

"गेलेल्या माणसाचं पायताण कुणी ठेवतं का, अण्णा? मामीनं सांगितलं होतं ना टाकून द्या म्हणून."

"झिजलेत नुसते," अण्णा म्हणाले. "फाटले कुठे आहेत?"

खरंच, उजव्या बुटाची बाहेरची कड पार झिजली होती. आई त्या पायावर तिरकी चालायची. विशाखानं ते परत बॅगेत ठेवले.

निघताना विमानतळावर एकेक करून सगळी मंडळी पट्टीवरून पलीकडे गेली. काचेचं दार प्रत्येकासाठी उघडलं आणि मिटलं. कुंभोजकर काकूंचा गुडघा धरला, तरी त्या गेल्या. मागे विशाखा आणि अण्णा राहिले. अण्णा पट्टीवरून चालत गेले आणि दारापाशी थांबले. दार उघडलं नाही.

"कृपया आपल्या सहचारिणीची वाट पाहा," आवाज म्हणाला.

आणि अण्णा वळून उभे राहिले. वाटच पाहत. मागच्या रिकाम्या पट्टीकडे बघत, उजवा हात कोपरात वाकवून. विशाखाला ते बघवेना.

मारेनला बोलावलं गेलं. विशाखानं फोनवरचा मृत्यूचा दाखला तिच्यापुढे धरला. मारेननं तो शांतपणे वाचला.

"दाखल्यानुसार त्या गेल्या वर्षी वारल्या," यंत्रानं सांगितलं. "नोंदीनुसार त्या मागच्या आठवड्यात आल्या. दोन्ही नोंदी सरकारी आहेत. समिती बसेल. निर्णय होईपर्यंत आपल्या वडिलांना इथे राहावे लागेल. काही आठवडे. कदाचित अधिक."

"त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. आमचं विमान आत्ता सुटतंय. दुसरा काही मार्ग असेल ना?"

"जोड सोडवता येते. ते एकटे चालले, तर एकटे जाऊ शकतात. दुसरी व्यक्ती मग या देशात राहिली, अशी नोंद होईल."

अण्णांनी हे ऐकलं.

"म्हणजे तिला इथे टाकून जायचं?" ते म्हणाले. "विशू, ती लक्ष्मी मार्केटला एकटी रिक्षानं गेली नाही कधी. इथली भाषा येत नाही तिला. काय बोलतेस तू?"

"अण्णा, आई इथे नाहीये!" विशाखाचा आवाज चढला. "मिरजेला कृष्णेच्या घाटावर आपण तिला पोचवलंय. अस्थी मी गोळा केल्यात, या हातांनी. हे मशीन आहे. याला कळत नाही."

"मला कळतं," अण्णा म्हणाले.

तरी लेकीसाठी त्यांनी प्रयत्न केला. हात सरळ सोडून, ताठ मान करून ते पट्टीवर चढले. चार पावलं नीट पडली. मग नकळत पाऊल आखूड झालं, खांदा झुकला, हात वर आला. पुन्हा चालले, पुन्हा तेच झालं. आयुष्यभर एका माणसाला सांभाळत चाललेलं ते अंग होतं, त्याला दुसरं काही येत नव्हतं. दार मिटलेलंच राहिलं. पलीकडून काचेतून नारिंगी टोप्या त्यांच्याकडे बघत होत्या. विमानाची शेवटची सूचना झाली.

विशाखानं अण्णांची बॅग उघडली. बूट काढले, जमिनीवर बसून पायांत घातले, नाड्या बांधल्या. मारेन तिच्याकडे बघत होती. नंतर तिनं मान पडद्याकडे वळवली आणि तिकडेच ठेवली.

उभं राहताच उजवा पाय बाहेरच्या कडेला कलला. टाच त्या झिजलेल्या खाचेत जाऊन बसली आणि गुडघा आपोआप आत वळला. चालायचं कसं, हे तिला आठवावं लागलंच नाही. आईच्या मागून तिनं ते लहानपणापासून पाहिलं होतं. ती अण्णांच्या उजव्या बाजूला गेली. त्यांचा हात वाकलेलाच होता. त्या कोपरात तिनं आपला हात घातला, आणि दचकली. ती जागा उबदार होती, नुकताच कुणी हात काढून घेतल्यासारखी.

"चला," ती म्हणाली.

ती वाकली, पट्टीला हात लावला, डोळ्यांना लावला, उजवं पाऊल आधी टाकलं. दोघं निघाली. झपझप चालायची सवय असलेल्या तिच्या पोटऱ्या त्या संथ चालीनं दुखायला लागल्या. अण्णा समोर बघत चालत होते. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

पडदा हिरवा झाला. "श्री. आणि सौ. गुळवणी. पुन्हा या." दार उघडलं, दोघं पलीकडे गेली, आणि ते मिटलं.

अण्णा एकदम मागे वळले. "विशू, ती…" ते म्हणाले आणि थांबले. काचेपलीकडे पट्टी रिकामी होती. विशाखानं त्यांचा दंड धरला आणि जवळजवळ ओढतच त्यांना विमानाकडे नेलं.

विमान वर गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण स्वतः काही बाहेर पडलो नाही. पट्टीनं आईला बाहेर काढलं होतं. विशाखा गुळवणी अजून ऑस्केरातच होती. तिला हसू आलं. घरी गेल्यावर कळवू, असं म्हणून तिनं डोळे मिटले. बाप हाती लागला होता, बाकी सगळं कागदी काम होतं.

मिरजेला आल्यावर पहिल्याच सकाळी अण्णा दूध आणायला निघाले, तेव्हा ती गॅलरीतून बघत होती. त्यांचा उजवा हात सरळ लोंबत होता. पावलं मोकळी पडत होती. वळणावर ते थांबले नाहीत. बरं वाटायला हवं होतं तिला.

"हात दुखतो का, अण्णा?" तिनं नंतर विचारलं.

"नाही. हलका झालाय." त्यांनी हाताकडे पाहिलं. "आता जाणवत नाही काही." आणि वर्तमानपत्र उघडून बसले. पान उलटलं नाही.

फोनवर निरोप येत राहिले. एक प्रवासी, बंदराकडे. एक प्रवासी, बाजाराकडे. यंत्र तिच्या नावानं अंदाज बांधत होतं. त्या पांढऱ्या उजेडात आपली चाल झेंडा उंच धरून झपझप फिरतेय, एकटीच, असं चित्र तिच्या डोळ्यांसमोर येई. पैसे मामुली होते. निरोपाखाली एक बटण होतं: मुक्काम बंद करा. ते दाबलं की झालं असतं. पण विशाखा पुढच्या सहलीच्या गडबडीत होती.

मग एका सोमवारी निरोप आला: दोन प्रवासी, बंदराकडे.

ती स्वयंपाकघरात उभी होती. तिनं गॅस बंद केला आणि निरोप पुन्हा वाचला. खाली बारीक अक्षरांत होतं, की चढताना दार नेहमीपेक्षा अधिक वेळ उघडे ठेवण्यात आले. तिनं मारेनला लिहिलं: माझ्याबरोबर दुसरं कोण आहे? उत्तर दुपारी आलं.

"आपली चाल बदलली आहे. आपण पूर्वी जलद चालत होतात. आता पाऊल आखूड आहे, वळणावर थांबता. आपण कुणाला तरी बरोबर घेऊन चालत आहात, म्हणून त्या व्यक्तीची गणना होते. ती कोण, हे पट्टी सांगू शकत नाही. नोंद बंद करायची असल्यास बटण दाबावे. मग दोघांचीही गणना थांबेल."

विशाखाला त्यातलं शास्त्र कळत होतं. त्या पट्टीवर शेवटी ती आईचे बूट घालून चालली होती. तीच संथ चाल तिच्या अंदाजात मिसळली असणार. असंच असणार. पण तिला आठवत होती ती उबदार जागा. अण्णांच्या कोपरात एकाच हाताला जागा होती, आणि ती तिनं घेतली होती. मग जिची होती ती कुठे गेली? ती मागेच राहिली. काचेच्या त्या बाजूला, भाषा न येणाऱ्या गावात. तिथे तिला ओळखीचं एकच माणूस सापडलं.

बटणावर बोट ठेवून ती बराच वेळ बसली. मग उठून बाहेर गेली आणि अण्णांना सगळं सांगितलं. न लपवता, पहिल्यापासून. रिकाम्या ट्रॅममधल्या दिव्यापासून.

"मी तिची जागा घेतली, अण्णा. तुम्हाला आणायच्या नादात तिला मागे ठेवून आले," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "बंद करू का हे? सांगा."

अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"तू तिच्याबरोबर आहेस ना तिथे?"

"आहे. म्हणजे मशीन तसं म्हणतंय."

"हळू चालतेस?"

"हो. वळणावर थांबते."

"मग बंद नको करू," अण्णा म्हणाले.

ते उठून आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत नोटा होत्या. विशाखा नको नको म्हणत असताना त्यांनी तिचं मनगट धरलं, बोटं उघडली आणि त्या तिच्या तळहातावर ठेवून मूठ मिटली.

"असू दे," ते म्हणाले. "दोघींचं तिकीट."